हरणाचा वावर कसा ओळखायचा आणि तो सरकला तर काय करायचं

उन्हाळाभर रानात टांगलेल्या कॅमेऱ्यात दिसणारा मोठा नर हरीण सप्टेंबर संपता संपता दिसेनासा होतो, आणि नुकतीच जमीन घेतलेल्या किंवा शिकारीसाठी भाड्याने घेतलेल्या मराठी मित्रमंडळींचे मला फोन सुरू होतात. कोणी मारला असेल का? शेजाऱ्याने खायला टाकून पळवला का? हे रान विकून दुसरं बघावं का? मी प्रत्येकाला आधी एकच विचारते: तुमची जमीन केवढी, आणि त्या नराचा वावर, म्हणजे वर्षभर तो फिरतो तो सगळा मुलूख, केवढा?

आमचं रान अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्येला, रिचलंड काउंटीत आहे. 80 एकर. एक लांब डोंगरधार, तिच्या तीन सोंडा, दोन घळी, खाली ओढा आणि ओढ्यापलीकडे शेजाऱ्यांची मका-सोयाबीनची शेतं. हिमयुगातलं बर्फ या भागावरून फिरलंच नाही, म्हणून आजूबाजूचा मुलूख सपाट झाला आणि ड्रिफ्टलेस म्हणतात तो हा पट्टा घड्या पडलेलाच राहिला. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथली जमीन वाचायला वेळ लागत नाही. सोंड, खिंड, घळ, माथा हे ज्याला नकाशावर दिसतं, त्याचं अर्धं काम झालेलं असतं. मी इथे धनुष्याने आणि बंदुकीने, दोन्हींनी शिकार करते. पण हरणं कुठे बसतात, कुठून निघतात आणि कधी जागा बदलतात हे बघत फिरण्यात माझा त्याहून जास्त वेळ जातो. पुढे लिहिलंय ते सगळं व्हाइटटेल, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांबद्दल आहे.

आधी आकाराचा हिशेब

एक चौरस मैल म्हणजे 640 एकर. प्रौढ नराचा वर्षभराचा वावर बऱ्याच ठिकाणी साधारण तेवढा भरतो. कुठे निम्मा, कुठे दुप्पट. मादीचा लहान, काहीशे एकरांचा. खाणं, पाणी आणि लपायची जागा जवळजवळ असेल तर वावर आटोपशीर राहतो. उघडी शेतं आणि मधे मधे झाडीचे पट्टे असतील तर तो पसरतो.

म्हणजे माझी 80 एकर ही एका नराच्या वावराचा जेमतेम आठवा हिस्सा. तो नर "माझा" कधीच नव्हता. त्याच्या वाटेवरची एक-दोन ठिकाणं माझ्याकडे आहेत, इतकंच. हे एकदा मनाने स्वीकारलं की प्रश्नच बदलतो. हरणाला धरून कसं ठेवायचं हा विचार सुटतो, आणि आपला तुकडा त्याला कुठल्या महिन्यात, दिवसाच्या कुठल्या वेळी आणि कशासाठी लागतो याचा शोध सुरू होतो.

वावर सगळीकडे सारखा वापरला जात नाही. त्यात एक गाभा असतो, जिथे हरणाचा निम्मा वेळ जातो. हा गाभा एकूण वावराच्या मानाने फार छोटा असतो, बऱ्याचदा पन्नास-शंभर एकरांचा. काही हरणांचे असे दोन गाभे असतात आणि ऋतू बदलला की ती एकातून दुसऱ्यात जातात. नर "गायब" होतो तेव्हा बहुतेक वेळा तो आपल्या वावरातच असतो. गाभा तेवढा अर्धा-पाऊण मैल सरकलेला असतो, आणि तुमचा कॅमेरा मात्र जुन्या गाभ्यात टांगलेला असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हरीण आपला मुलूख वाघासारखा राखत नाही. पाच-सहा नरांचे वावर एकमेकांवर चढलेले असू शकतात, आणि नोव्हेंबर सोडला तर ते एकमेकांना बऱ्यापैकी सहन करतात. खरी राखण करते ती व्यायलेली मादी. मे अखेर ते जूनमध्ये पाडसं होतात. त्या सुमारास आणि पुढचे काही आठवडे ती बाकीच्या हरणांना, अगदी स्वतःच्या गेल्या वर्षीच्या पिल्लांनासुद्धा, आसपास फिरकू देत नाही. चांगल्या जागा थोराड माद्या आधी पकडतात आणि पहिलटकरणींना उरलेल्यात भागवावं लागतं.

कोण राहतं, कोण निघून जातं

हरणांत मुली माहेरी राहतात आणि मुलगे घर सोडतात. मादी पाडसं मोठी झाली की आईच्या वावराला लागूनच, थोडा त्याच्यावर चढवून, आपला वावर मांडतात. आजी, आई, मावशी, मुली अशी एकाच घळीच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या वस्ती तयार होते. म्हणून एखाद्या कोपऱ्यातल्या माद्या जास्त मारल्या गेल्या तर तो कोपरा लगेच भरून येत नाही. मिडवेस्टच्या, म्हणजे आमच्या आसपासच्या राज्यांच्या, शेतीपट्ट्यात, जिथे झाडी तुटक आहे, तिथे मात्र तरुण माद्याही बऱ्याच लांब जातात.

नरांचं वेगळं. वर्ष ते दीड वर्षाच्या वयात बरेचसे तरुण नर जन्मस्थान सोडतात, बऱ्याच ठिकाणी निम्म्याहून जास्त. काही वसंतात जातात, आई नव्या विणीसाठी हाकलते तेव्हा. काही शरदात, माज सुरू होताना. काही मैल सरळ एका दिशेने जायचं, आणि आवडेल तिथे कायमचा वावर मांडायचा. पेनसिल्व्हेनियात हरणांच्या गळ्यात ठावठिकाणा सांगणारी कॉलर लावून केलेल्या अभ्यासात दिसलं, की जंगल जितकं विरळ तितके हे नर लांब जातात. आणि मोठे रस्ते, नद्या, डोंगररांगा त्यांची दिशा वळवतात किंवा त्यांना अडवतात. आई आधीच मारली गेली असेल तर तिचा मुलगा तिथेच राहण्याची शक्यता वाढते, कारण त्याला हाकलणारं कोणी नसतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. आज तुमच्या रानात असलेला अडीच-तीन वर्षांचा नर बहुधा दुसऱ्याच्या रानात जन्मलेला आहे, आणि तुमच्या रानात जन्मलेला नर चार मैलांवर कुणाच्या तरी मचाणाखालून चालतोय. "लहान नर सोडला तर पुढच्या वर्षी आपल्यालाच मिळेल" हे दीड वर्षाच्या नराबद्दल खात्रीने म्हणता येत नाही. अडीच वर्षांपुढच्याबद्दल बऱ्यापैकी म्हणता येतं, कारण एकदा वावर मांडला की नर सहसा तो सोडत नाही, आणि वय वाढेल तसा बहुतेकांचा वावर आवळतो.

अपवाद असतातच. मिसुरीत कॉलर लावलेला एक प्रौढ नर 2017 च्या शिकारीच्या हंगामात 22 दिवसांत जवळजवळ 200 मैल चालून गेला. पण असा नर शेकड्यांत एखादा. आपण आखणी करायची ती उरलेल्यांसाठी.

तरुण नरांच्या या स्थलांतराची मला काळजी वाटते ती क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगामुळे. विस्कॉन्सिनमध्ये हा रोग 2002 मध्ये पहिल्यांदा सापडला, आमच्यापासून फार लांब नाही. हरीण चालतं तसा रोगही चालतो. म्हणून आमच्या भागात मारलेल्या प्रत्येक प्रौढ हरणाचा नमुना तपासायला द्या आणि निकाल येईपर्यंत मांस वेगळं, खुणा करून ठेवा.

वर्षात वावर कसा सरकतो

जून ते ऑगस्ट नर तीन-चारच्या टोळीत फिरतात. शिंगांवर मखमल असते, ती दुखू नये म्हणून ते दाट काट्यात शिरायचं टाळतात. संध्याकाळी सोयाबीनच्या किंवा लसूणघासाच्या शेतात उघड्यावर येतात. याच काळात तुमचा कॅमेरा भरभरून फोटो देतो आणि माणूस भुलतो. हा उन्हाळी गाभा आहे. शिकारीच्या दिवसांत नर इथेच असेल असं समजू नका.

ऑगस्टच्या शेवटी-सप्टेंबरच्या सुरुवातीला मखमल गळते आणि टोळी फुटते. त्याच सुमारास सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागतात आणि हरणांचा त्या शेतातला रस संपतो. वरून ओकची फळं, एकॉर्न, पडायला सुरुवात होते. तीन गोष्टी एका महिन्यात घडतात, आणि त्यामुळे नर कुठेतरी नाहीसा झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात काही नर त्याच गाभ्यात राहून फक्त शेताकडे पाठ फिरवतात, आणि काही आपल्या शरदातल्या गाभ्यात जातात. जो नर गेल्या वर्षी सप्टेंबरात गेला आणि ऑक्टोबरात दुसऱ्या सोंडेवर दिसला, तो याही वर्षी तेच करण्याची शक्यता मोठी. म्हणून जुने फोटो पुसू नका. तारखेनुसार लावून ठेवा.

ओकबद्दल जरा सविस्तर, कारण आमच्याकडचा ऑक्टोबर सगळा ओकवर चालतो. पांढऱ्या ओकच्या पानाच्या कडा गोलसर असतात, तांबड्या ओकच्या टोकदार. पांढऱ्या ओकचं फळ एकाच हंगामात पिकतं, त्यात कडवटपणा कमी, आणि ते पडल्यावर लगेच रुजायला लागतं. म्हणून हरणं त्यावर तुटून पडतात आणि काही आठवड्यांत सगळं संपतं. तांबड्या ओकच्या फळाला पिकायला दोन हंगाम लागतात, ते तुरट असतं, पण वसंतापर्यंत रुजत नाही, बर्फाखालीही टिकतं. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची वस्ती पांढऱ्या ओकखाली आणि डिसेंबर-जानेवारीची तांबड्याखाली. शिवाय पांढरा ओक दरवर्षी सारखा फळत नाही. ऑगस्टमध्ये दुर्बीण घेऊन झाडांचे शेंडे बघा. ज्या वर्षी एका सोंडेवरचे ओक लदलेले आणि दुसरीवरचे रिकामे, त्या वर्षी हरणं कुठे असतील हे सांगायला कॅमेरा लागत नाही.

फळ पडलंय आणि खाल्लं जातंय का, हे गुडघे टेकून बघावं लागतं. पालापाचोळा खुरांनी उलटलेला असेल, ओली काळी बाजू वर आलेली असेल, टोप्या पडलेल्या पण फळं नाहीत, आणि आसपास ताज्या चकचकीत लेंड्या असतील, तर हरणं रोज येतायत. टोप्यांबरोबर सालीचे बारीक तुकडे पसरलेले असतील तर खारीही जेवून गेल्यात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मका कापला जातो. शेजाऱ्याचं कापणीयंत्र एका दुपारी शंभर एकरांची लपायची जागा नाहीशी करतं. उंच मक्यात काही हरणं आठवडेच्या आठवडे बसून असतात. ती त्याच रात्री जवळच्या झाडीत येतात. शेजाऱ्याला कापणी कधी आहे ते विचारून ठेवा. या एका माहितीचा मला जितका उपयोग झालाय तितका कुठल्याही महागड्या वस्तूचा झालेला नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास माज शिगेला असतो. माद्या आपल्या वावरातच राहतात, नर त्यांच्या शोधात फिरतात. नर आपल्या गाभ्यातून एका मादीवस्तीकडून दुसरीकडे, वारा अंगावर घेत, घळींच्या माथ्यावरून आणि खिंडींतून जातो. कधी वावराबाहेर मैल-दोन मैल जाऊन एक-दोन दिवसांत परत येतो. या दिवसांत कॅमेऱ्यात अनोळखी नर आला म्हणून हुरळून जाऊ नका, आणि ओळखीचा दिसला नाही म्हणून घाबरू नका. मादी माजावर असते ती साधारण दिवस-दीड दिवस. तेवढा वेळ नर तिला बाजूला, कुठल्यातरी आडजागी, झुडपांच्या तुकड्यात किंवा कुंपणाच्या कडेला अडवून ठेवतो. गाभण न राहिलेली मादी साधारण 28 दिवसांनी पुन्हा माजावर येते, म्हणून डिसेंबरातही थोडी धावपळ दिसते.

हिवाळ्यात सगळं आवळतं. आमच्याकडे हरणं दक्षिणेकडच्या उतारावर येतात, जिथे ऊन पडतं आणि बर्फ पातळ असतं. जवळ मक्याची धसकटं किंवा तांबडा ओक असला की झालं. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला आणि मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात तर गोष्टच वेगळी. तिथे हरणं कित्येक मैल चालून सीडर आणि हेमलॉकच्या दाट झाडीत जातात, कारण त्या झाडांच्या फांद्या बर्फ वरच्यावर झेलतात. तिथे जमीन असेल तर उन्हाळ्यातली हरणं आणि जानेवारीतली हरणं एकच नाहीत हे धरूनच चाला.

फेब्रुवारी-मार्चची पायपीट

वावर वाचायचा तर तो शिकारीच्या हंगामात नव्हे. हंगाम संपल्यावर, बर्फ उतरताना, पालवी फुटायच्या आधी. गेल्या शरदातल्या सगळ्या खुणा तेव्हा उघड्या असतात आणि तुम्ही कितीही फिरलात तरी पुढच्या हंगामापर्यंत हरणं ते विसरून जातात. मी जमिनीचे चढउतार दाखवणारा तपशिलाचा नकाशा छापून घेते आणि चार ऋतूंना चार रंग ठेवते. एका रंगात सगळं लिहिलं तर काही महिन्यांनी त्याचा अर्थ लागत नाही.

पहिल्यांदा बैठका शोधा. बर्फात किंवा पाचोळ्यात अंडाकृती दबलेली जागा असते. चार-पाच बैठका जवळजवळ, त्यात लहान-मोठ्या, म्हणजे मादी आणि तिचं कुटुंब. एकटी, पावणेचार-चार फूट लांब बैठक, सोंडेच्या टोकाकडे, माथ्यापासून थोडी खाली, म्हणजे बहुधा प्रौढ नर. तिथे स्वतः खाली बसा आणि त्याच्या उंचीवरून बघा. आमच्याकडे थंडीत वारा जास्त करून वायव्येचा, म्हणून अशा बैठका आग्नेय उतारावर सापडतात. पाठीमागून माथ्यावरून येणारा वारा मागून येणाऱ्याचा वास आणतो, समोर खाली नजर पोहोचते, आणि सकाळी ऊन चढलं की घळीतली हवा वर येऊन खालचाही वास देते. अशा एका जागेवर तीन बाजू झाकल्या जातात. कुठलाही प्रौढ नर ती सोडणार नाही, आणि तो मेला तर एक-दोन हंगामांत दुसरा येऊन तिथेच बसतो. माझ्या मधल्या सोंडेवर हे मी स्वतः पाहिलंय.

मग कोवळे शेंडे बघा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे नुसती कडक गादी असते. त्यामुळे ते डहाळी कापत नाही, ओढून तोडतं, आणि टोक फाटकं, धागे निघालेलं राहतं. सशाने खाल्लेली डहाळी मात्र सुरीने तिरपी छाटल्यासारखी दिसते. गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर फाटकी टोकं जिथे जास्त, तो हिवाळ्यातला गाभा. तुमच्या रानात एवढ्या उंचीवर काही हिरवं उरलंच नसेल तर हरणं कमी नाहीत, जास्त झालेली आहेत, आणि माद्या मारायची गरज आहे.

शिंगं घासलेली झाडं ओळीने सापडतात. साल सोललेली बाजू सहसा नर जिकडून आला तिकडे असते, म्हणून ओळीकडे दोन्ही दिशांनी बघा. बैठकीकडच्या बाजूने घासलेलं असेल तर ती संध्याकाळची बाहेर पडायची वाट. मांडीएवढ्या जाड झाडावर घासलेलं असेल तर मोठा नर असण्याची शक्यता जास्त. खुरांनी उकरलेल्या जागा, स्क्रेप, शेताच्या कडेला भरपूर दिसतील, पण त्यांना बहुतेक भेटी रात्री होतात. त्यापेक्षा दाट झाडीच्या आत, वर चघळून टोक तुटलेली फांदी असलेला स्क्रेप सापडला तर त्याची नोंद ठळक करा. गळलेलं शिंग सापडलं तर आनंद करा, पण त्याचा अर्थ एवढाच की हा नर हंगामातून वाचला आणि त्याचा हिवाळी वावर इथे आहे.

माणसाचा दबाव

वावर सरकण्याचं जे कारण आपल्या हातात आहे ते हेच, आणि लोक नेमकं याकडेच दुर्लक्ष करतात. माणसाचा वास आणि वर्दळ वाढली म्हणून हरीण काउंटी सोडून जात नाही. ते त्याच वावरात ज्या कोपऱ्यात माणूस येत नाही तिथे दिवस काढतं आणि उरलेला भाग रात्री वापरतं. दक्षिण कॅरोलायनात कॉलर लावलेल्या नरांच्या अभ्यासात, मचाणावर माणूस बसून गेल्यावर पुढचे काही दिवस नर दिवसा त्या जागेकडे फिरकत नव्हते. ज्या मचाणावर रोज बसायचं तेच मचाण रिकामं होत जातं.

म्हणून मचाण जितकं महत्त्वाचं, तितकीच त्याच्यापर्यंत जायची वाट. संध्याकाळी हवा थंड होऊन घळीतून खाली उतरते. तुम्ही वर बसला असाल तर तुमचा वास ओढ्याकाठच्या कुरणात पोहोचतो, आणि नेमकी तिथेच हरणं चरायला उतरत असतात. सकाळी शेतातून चालत मचाणावर जाणं म्हणजे चरणाऱ्या हरणांना उठवून हाकलणं. मी सकाळी मागच्या घळीतून चढते आणि शेताजवळची मचाणं फक्त संध्याकाळसाठी ठेवते. वारा चुकीचा असेल त्या दिवशी त्या मचाणावर जायचंच नाही. सुट्टी घेतलीय, इतक्या लांब गाडी चालवत आलोय, म्हणून बसायचं हा हट्ट सोडावा लागतो. आणि झाडावर चढताना सुरक्षा पट्टा पहिल्या पायरीपासून अंगात हवा.

गन सीझन, म्हणजे बंदुकीच्या शिकारीचा हंगाम, विस्कॉन्सिनमध्ये नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या पहिल्या सकाळी आजूबाजूच्या सगळ्या रानांत एकदम माणसं शिरतात आणि हरणं एका तासात आपल्या माहितीतल्या सर्वांत दाट जागी जातात. तुमच्याकडे अशी जागा असेल तर त्या दिवशी हरणं तुमच्याकडे येतील. नसेल तर तुमच्याकडून जातील.

रानात काय बदलावं

अशी जागा तयार करता येते. आमच्या 80 पैकी साधारण पंधरा एकरांत आम्ही हंगामात पायच ठेवत नाही. जखमी हरणाचा माग काढायचा असेल तेवढाच अपवाद. तो भाग निवडताना बैठका आधीपासून जिथे होत्या तोच निवडला. हरणाने नाकारलेला कोपरा राखीव करून काही होत नाही.

दुसरं, ऊन जमिनीवर पाडा. मोठ्या झाडांचं छत पूर्ण मिटलेलं असेल तर खाली ना खाणं ना लपणं. बॉक्सएल्डर, आयर्नवूड अशी कमी किमतीची, मनगट ते मांडीएवढी झाडं छातीच्या उंचीवर अर्धवट कापून आडवी पाडायची, म्हणजे ती जिवंत राहून आडवी वाढतात; शेंडे खायला मिळतात आणि आडोसाही होतो. झाड ताणाखाली फुटून अंगावर येऊ शकतं, म्हणून हे काम आधी जाणत्याबरोबर करा आणि एकट्याने कधीच करू नका. ओक जपा. एप्रिल ते जुलैमध्ये ओकला जखम करायची नाही, ओक विल्टची बुरशी त्यातून शिरते. अ‍ॅशच्या झाडांना मारायचं काम एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडाच करतोय. हा किडा विस्कॉन्सिनमध्ये 2008 पासून आहे. जिथे अ‍ॅश मेले तिथे ऊन आलं, ब्लॅकबेरीच्या जाळ्या माजल्या, आणि आमच्या उत्तर घळीत हरणं त्या जाळ्यांत सरकली. दर दोन-तीन वर्षांनी नकाशा नव्याने काढावा लागतो तो अशा बदलांमुळे. हनीसकलच्या झुडपांवरही लक्ष ठेवा: बाकी सगळं उघडं पडल्यावरही त्यांची पानं नोव्हेंबरपर्यंत टिकतात, आणि ती गळली की तिथली हरणं रातोरात दुसरा आडोसा बघतात.

हरणांसाठी चारा पेरलेले तुकडे चांगले, पण मी त्यांना शेवटचं स्थान देते. चारी बाजूंनी मका आणि लसूणघास असताना अर्ध्या एकराच्या क्लोव्हरने गाभा हलत नाही. फार तर संध्याकाळी शेताकडे जाताना हरीण दहा मिनिटं थांबतं. मोठं जंगल असलेल्या भागात हाच तुकडा जास्त उपयोगी पडतो. मक्याचे ढीग किंवा मिठाचे ठोकळे ठेवायचा विचार मनात असेल तर आधी डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, संकेतस्थळावर आपल्या काउंटीचा नियम बघा. रोग आढळलेल्या काउंट्यांत आमिष आणि खाद्य घालायला बंदी आहे, आणि ती रास्त आहे, कारण एका ढिगावर तोंडं एकत्र आली की रोग पसरतो. कडक हिवाळ्यात दया येऊन मका टाकणं तर हरणाच्या जिवावर बेततं. डहाळ्या पचवायला सरावलेल्या पोटात एकदम धान्य गेलं की आम्ल वाढतं आणि पोट भरलेलं हरीण मरतं.

नर दिसेनासा झाला तर

क्रमाने बघा. गेल्या दोन आठवड्यांत त्याचं खाणं बदललं का: सोयाबीन पिवळं, एकॉर्न पडले, मका कापला, गवत कापलं? त्याचा आडोसा गेला का? तुम्ही किंवा शेजारी त्याच्या गाभ्यात शिरलात का? या तिन्हींपैकी एकाचं उत्तर जवळजवळ नेहमी "हो" असतं, आणि त्यावरून तो कुठल्या बाजूला सरकला असेल हे कळतं. कॅमेरा तिकडे अर्धा मैल हलवा, शेताच्या कडेवरून काढून वाटांच्या फाट्यावर लावा. कार्ड काढायला भर दुपारी जा, आणि त्यातही वारा बैठकींकडून तुमच्याकडे येत असेल तेव्हाच.

अर्धा मैल हलवायला तुमची जमीन पुरत नसेल, आणि बहुतेकांची पुरत नाहीच, तर शेजाऱ्यांशी बोला. ओढ्यापलीकडचे शेतकरी, पश्चिमेच्या रानाचे शिकागोहून येणारे मालक आणि मी, आमचे फोटो आता एका नकाशावर जातात. तिघांच्या तीन तुकड्यांत मिळून एका नराचा जवळजवळ पूर्ण वावर बसतो, आणि सप्टेंबरात माझ्याकडून नाहीसा झालेला नर पलीकडच्या ओकखाली आहे हे मला त्याच आठवड्यात कळतं. कुठल्या घळीत कोणीच शिरायचं नाही आणि त्या वर्षी माद्या किती मारायच्या हेही आम्ही ऑगस्टमध्ये ठरवतो. तेव्हाच एकमेकांना लेखी परवानगी देऊन ठेवतो, कारण बाण लागलेलं हरीण कुंपण ओलांडून गेलं तर मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या जमिनीत माग काढत जाता येत नाही, आणि रात्री साडेआठला अंधारात रक्ताचा माग सुकत असताना फोन नंबर शोधत बसायला वेळ नसतो.